अजबा हरली तेव्हा

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार. अहमदाबादला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना होता. सलग दहा सामने जिंकून भारत तिथे पोहोचला होता. आमच्या घरी दुपारीच शेजारची मुले येऊन सतरंजीवर बसली. भारताच्या २४० धावा झाल्या. मगरिबची अजान झाली, पण उठले मोजकेच. इशाच्या वेळी ट्रॅव्हिस हेड मैदानात ठाण मांडून होता आणि आम्ही टीव्हीपुढे. आतल्या खोलीतून अम्मी रक्तदाबाच्या गोळीसाठी पाणी मागत होत्या. "एवढं षटक होऊ द्या, अम्मी," असे आम्हीच म्हणालो. ऑस्ट्रेलियाने सहा गडी राखून सामना जिंकला. मग आत गेलो, तर गोळी मुठीत तशीच धरून अम्मींचा डोळा लागला होता.

दुसऱ्या दिवशी आमच्या उर्दू शाळेत सातवीच्या वर्गात सगळे चेहरे उतरलेले. एक मुलगा म्हणाला, "सर, रात्री आमच्याकडे कुणी जेवलंच नाही." त्याला काय बोलणार? आमचेही ताट झाकलेलेच राहिले होते.

मग मुलांना अजबाची गोष्ट सांगितली. अजबा ही प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची उंटीण. शर्यतीत ती कुणाला हार जात नसे. एके दिवशी वाळवंटातला एक अरब आपल्या तरुण उंटावर आला आणि तिच्या पुढे निघून गेला. सहाबांच्या (रजि.) मनाला ते फार लागले. तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना समजावले की या जगात जे वर चढते ते अल्लाह खाली आणतोच. हजरत अनस (रजि.) यांनी सांगितलेली ही हदीस सहीह बुखारीत आहे.

वाचकहो, शर्यत लावूच नका, असे प्रेषितांनी (सल्ल.) म्हटले नाही. हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर ते स्वतः धावण्याची शर्यत खेळले, एकदा हरले, एकदा जिंकले. खेळ वाईट नाही. खेळाला काळजात किती जागा द्यायची, हा प्रश्न आहे.

हारण्याचे दुःख जसे डोक्यात जाते, तसा जिंकण्याचा कैफही. ४ जून २०२५ रोजी बेंगळुरूत आयपीएलच्या विजयोत्सवाला लोटलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली आणि ११ जणांचा जीव गेला. पुढच्या वर्षी पुन्हा स्पर्धा होते, नवा विजेता ठरतो. त्या ११ घरांतली माणसे मात्र परत येत नाहीत.

सामने आम्ही आजही पाहतो. शमी, सिराजने बळी घेतला की मुलांबरोबर टाळ्याही वाजवतो. फक्त घरात दोन गोष्टी ठरवल्या आहेत. अजान झाली की टीव्ही बंद. धावसंख्या नमाजनंतरही कळते. आणि अम्मींची हाक आली की ज्याच्या हाती रिमोट, त्यानेच उठायचे. बहुतेक वेळा रिमोट आमच्याच हाती असतो.

वेळेची आणि माणसांची कदर करण्याची समज अल्लाह आपल्या सर्वांना देवो. आमीन.