बावीस चाकांचा मालक

बारामती-इंदापूरकडे ‘मालक’ हा शब्द मोठ्या उदारपणे वापरला जातो. चहाच्या टपरीवर आलेल्या अनोळखी गिऱ्हाइकालाही ‘या मालक, बसा’ असे म्हणण्याची इकडची रीत आहे. पण हा शब्द खऱ्या अर्थाने आपल्या नावाला लागावा म्हणून झुरणारा एक वर्ग या दोन तालुक्यांत आहे, आणि तो म्हणजे ट्रकचालकांचा. दहा-बारा वर्षे शेठची गाडी चालवली, आता स्वतःची घ्यायची, हे त्यांचे जुनेच स्वप्न. अलीकडे त्या स्वप्नाचा आकार मात्र बदलला आहे. पूर्वी ते सहा किंवा दहा चाकी ट्रकचे असे. आता ते बिनफाळक्यांच्या, सपाट पाठीच्या ट्रेलरचे झाले आहे. पुढे दहा टायरांचा घोडा, मागे बारा टायरांचा ट्रेलर आणि मालासकट ५५ टनांचे पासिंग. २०१८ पूर्वी अशा गाडीला ४९ टनांचीच परवानगी होती.

या स्वप्नामागे हिशेब आहे, आणि तो अगदीच चुकीचा नाही. उसाची वाहतूक दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि उन्हाळा लागता लागता संपते. उरलेले सहा-सात महिने गाडी दारात उभी राहते किंवा मिळेल त्या भाड्यामागे धावते. पोलादाला हंगाम नसतो. कळंबोलीच्या बाजारातून पत्र्याची गुंडाळी, बारामती एमआयडीसीतून बिनसांध्याचे नळ, कुठे यंत्र, कुठे ट्रान्सफॉर्मर, असा माल बारा महिने हलत असतो. क्रेनने वरून ठेवता येईल, फोर्कलिफ्टने बाजूने चढवता येईल अशी गाडी त्याला लागते. पाटस-बारामती-इंदापूर हा तुकोबांच्या पालखीचा मार्गही आता रुंद होत आला आहे. सुपे-मोरगावकडच्या जिरायत भागातल्या किंवा इंदापूरच्या कोरडवाहू गावातल्या तरुणाला वाटते, की जमीन पिकली नाही तरी रस्ता पिकेल.

पण साधी गाडी आणि सपाट ट्रेलर यांत एक मूलभूत फरक आहे. बंद गाडीत माल भरला, दार लावले की चालकाचे काम संपते. सपाट ट्रेलरवर ते तिथून सुरू होते. वीस टनांची गुंडाळी कुठल्या आसावर बसवायची, तिच्याखाली लाकडी पाचरी कशा ठोकायच्या, साखळी किती आणि पट्टे किती, बोरघाट उतरताना ब्रेक लागला तर माल पुढे केबिनवर येईल की जागेवर राहील, हे सारे त्याने ठरवायचे असते. मालाच्या धारेने पट्टा कापला जाऊ नये म्हणून खाली काय घालायचे, हे कुठल्या पुस्तकात शिकायला मिळत नाही. गाडीबाहेर निघणाऱ्या सळयांना २०१४ पासून बंदी आहे, २.६ मीटरपेक्षा रुंद माल असेल तर वेगळी परवानगी लागते. म्हणून माझा पहिला आग्रह असा, की ज्याला हा धंदा करायचा आहे त्याने दोन वर्षे दुसऱ्याचा ट्रेलर चालवावा. बांधणीची विद्या आपल्या कर्जावर शिकणे फार महाग पडते.

आता कर्जाकडे वळू. बँकेच्या खुर्चीत माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे या प्रश्नाकडे मी आकड्यांतूनच पाहतो. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर छोटा वाहतूकदार हा बँकांच्या अग्रक्रमाच्या यादीत आला. पुढे १९७९ साली मद्रासेत सुरू झालेल्या श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्सने जुन्या ट्रकवर, एकेका गाडीच्या मालकाला कर्ज देण्याचा मोठा धंदा उभा केला. २०२२ पासून ती संस्था श्रीराम फायनान्स म्हणून ओळखली जाते. तेव्हा गाडीला कर्ज मिळत नाही, ही तक्रार आता फारशी खरी नाही. खरा प्रश्न त्याच्यापुढचा आहे.

समजा, घोडा आणि ट्रेलर मिळून ५० लाख रुपये लागले. १० लाख घरचे, ४० लाख कर्ज, व्याज दहा टक्के, मुदत पाच वर्षे. महिन्याचा हप्ता होतो सुमारे ८५,००० रुपये. गाडी महिन्याला सहा हजार किलोमीटर चालली आणि लिटरला तीन किलोमीटर पडले, तर दोन हजार लिटर डिझेल लागेल. लिटरला ९० रुपये धरले तरी १ लाख ८० हजार. टोल, टायर, विमा, क्लीनरचा भत्ता अजून बाजूलाच आहेत. कारखान्याने भाड्याचे बिल साठ दिवसांनी दिले, तर या माणसाने दोन महिन्यांचे डिझेल आणि दोन हप्ते मिळून ५ लाख ३० हजार रुपये आधी खिशातून घालायचे. हे पैसे त्याला कोण देतो? बँक गाडीला कर्ज देते, गाडीच्या चाकांना फिरायला देत नाही.

इथे मध्यस्थ येतो. ट्रान्सपोर्टवाला भाड्यातला मोठा भाग रोख अ‍ॅडव्हान्स देतो, डिझेल भरून देतो आणि बाकी पोच आल्यावर चुकती करतो. त्याबद्दल तो कमिशन कापतो. गावोगावचे चालक या कमिशनला दलाली म्हणून शिव्या घालतात. पण नीट पाहिले तर ते बरेचसे व्याज आहे. मध्यस्थ काम मिळवून देतो त्याहून अधिक तो पैसे थांबवून धरण्याची ताकद विकतो. ती ताकद मालकापाशी नसल्यामुळे कारखान्याच्या फाटकाशी राहणारा माणूससुद्धा त्या कारखान्याचे भाडे तिसऱ्याच्या हातून घेतो. परतीच्या वेळी तर तो अगदीच अगतिक. साखरेची पोती, कांदा, डाळिंब असला इकडचा नेहमीचा माल बिनफाळक्यांच्या गाडीला सहसा मिळत नाही. रिकामे येण्यापेक्षा पडेल भाडे बरे, असे म्हणून तो गाडी भरतो.

कायद्यानेही या माणसाला मालक म्हणूनच मोजले आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकासाठी दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरवून दिले होते. स्वतःचीच गाडी हाकणारा त्या चौकटीत कधी बसला नाही. प्राप्तिकराच्या ठोक पद्धतीत जड मालगाडीचे उत्पन्न टनामागे दरमहा एक हजार रुपये धरले जाते. म्हणजे ५५ टनांच्या गाडीला ५५,००० रुपये, मग ती धावो वा गॅरेजात उभी असो. उत्पन्न त्याहून कमी दाखवायचे तर वह्या ठेवा आणि लेखापरीक्षण करून घ्या. झोप अपुरी पडली तर विचारणारा कोणी नाही, हप्ता थकला तर विचारणारे पुष्कळ. आणि तारण म्हणून पुष्कळदा वडिलांच्या सातबाऱ्यावर बोजा चढलेला असतो. म्हणजे धोक्यात असते ती नुसती गाडी नव्हे.

यावर उपाय शोधायला फार दूर जायला नको. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर या साखर कारखान्यांच्या पट्ट्यात ऊस वाहतुकीची एक पद्धत पिढ्यान्‌पिढ्या रुजली आहे. कारखाना हंगामाआधी वाहतूकदाराशी करार करतो, उचल देतो, आणि बँकेचे कर्ज असेल तर बिलातून हप्ता कापून परस्पर बँकेकडे पाठवतो. या पद्धतीत दोष आहेत. उचल घेऊन टोळी येत नाही, मुकादम फिरतो, वाहतूकदार बुडतो. तरीही तिच्यात एक शहाणपण आहे: कर्जाच्या आधी कामाचा करार. बँकेला गाडीपेक्षा त्या कराराचा आधार अधिक वाटतो, आणि तो रास्तच आहे.

हेच पोलादाच्या वाहतुकीत का होऊ नये? दहा-वीस ट्रेलरमालकांनी मिळून सहकारी संस्था काढावी, एमआयडीसीतल्या कारखान्याशी वर्षाचा करार करावा, आणि पोच पावतीवर जिल्हा बँकेने किंवा एखाद्या पतसंस्थेने आठवड्याच्या आत बहुतेक रक्कम द्यावी. ज्या तालुक्यांनी ऊस आणि दूध सहकारातून उभे केले, त्यांना हे अवघड नाही. कायद्याचाही थोडा टेकू आहे. ‘उद्यम’ नोंदणी केलेल्या सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो; उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज लागते. २०२४-२५ च्या कर-आकारणी वर्षापासून अशी मुदतीबाहेर थकवलेली रक्कम देणाऱ्याला प्रत्यक्ष चुकती करीपर्यंत खर्चात धरता येत नाही. पण एकटा मालक या कायद्याचे नाव काढील, तर पुढच्या खेपेला त्याला भाडे मिळणार नाही. वीस जणांच्या संस्थेला मात्र असे सहज टाळता येत नाही.

तोवर, ज्याचे पाय शोरूमकडे वळले आहेत त्याला तीनच गोष्टी सांगाव्याशा वाटतात. चार हप्ते आणि दोन महिन्यांचे डिझेल एवढी रक्कम हाती शिल्लक राहत नसेल, तर नव्या गाडीऐवजी जुना घोडा घ्यावा. जाण्याच्या भाड्याइतकाच येण्याच्या भाड्याचा विचार आधी करावा. आणि जमिनीवर बोजा चढवण्यापूर्वी घरच्या बाईमाणसाला हिशेबाची वही दाखवावी; सही तिची नसली तरी हप्ता तिच्याही संसारातून जाणार असतो.

चालकाने मालक व्हावे, हे मला मनापासून वाटते. दुसऱ्याच्या गाडीवर आयुष्य काढलेल्या माणसाची ही इच्छा साधी आणि न्याय्य आहे. पण महिन्याच्या पाच तारखेला हप्ता आणि साठाव्या दिवशी भाडे, हे गणित असेच राहिले तर गाडीच्या कागदावर त्याचे नाव येईल आणि मालकी दुसऱ्याचीच राहील. बारामतीच्या कारखानदारांनी, बँकांनी आणि सहकाराच्या धुरिणांनी हे दोन दिवस एकमेकांच्या जवळ आणले, तर पोरांना वेगळे अनुदान देण्याची गरज पडणार नाही.