वाडीच्या ट्रकमालकाला कोणी बुडवले? ‘भारत स्टेज’चा विसरलेला इतिहास (थ्रेड)

१/ नागपूरहून अमरावतीकडे निघाले की शहर संपता संपता वाडी लागते. मालवाहतुकीची कार्यालये, गोदामे आणि भाड्याची वाट पाहत उभे असलेले ट्रक ही या गावाची ओळख. येथे आणि मालवाहतुकीच्या प्रत्येक नाक्यावर एक समजूत घट्ट रुजली आहे: ‘बीएस-६’ने ट्रकवाल्याला बुडवले. गाडी महागली, यूरियाचा खर्च मागे लागला, नाक्यावरच्या मिस्त्रीचे काम गेले. आणि हे सारे घडले न्यायालयाच्या व पर्यावरणवाद्यांच्या हट्टापायी.

२/ तक्रार खरी आहे. आरोपी चुकीचा आहे.

३/ आरंभ १९९९पासून करावा लागतो. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल १९९९ रोजी दिल्ली परिसरात १ जून १९९९पासून युरो-१ आणि १ एप्रिल २०००पासून युरो-२ बंधनकारक केले. आदेश होता खासगी, बिगर-व्यापारी वाहनांसाठी. ट्रक त्यातून सुटला. त्या वेळी ही सवलत वाटली. पुढील वीस वर्षांच्या दुखण्याचे मूळ मात्र येथेच आहे.

४/ त्यानंतर डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ मध्ये अहवाल दिला आणि त्यावर आधारित वाहन इंधन धोरण २००३ मध्ये आले. धोरणाने देशाचे दोन भाग केले. मोठ्या शहरांना वरचा निकष, उरलेल्या देशाला एक पायरी खालचा. २००५ मध्ये मुंबई-पुण्याला बीएस-३, नागपूरला बीएस-२. १ एप्रिल २०१० रोजी बीएस-४ लागू झालेल्या तेरा शहरांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे आणि सोलापूर होते. नागपूर नव्हते.

५/ समितीची अडचण समजण्यासारखी होती. निकष केवळ इंजिनाचा नसतो, इंधनाचाही असतो. बीएस-२च्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५०० भाग होती, बीएस-३मध्ये ३५०, बीएस-४मध्ये ५०, बीएस-६मध्ये १०. गंधक जास्त असले की धूर शुद्ध करणारी यंत्रणा निकामी होते. स्वच्छ डिझेल देशभर पोहोचवायचे तर तेलशुद्धीकरण कारखान्यांवर प्रचंड खर्च अटळ होता, आणि तो पुढे ढकलण्यात आला.

६/ ट्रक मात्र एका शहरात राहत नाही. वाडीत भरलेला माल रायपूरला उतरतो, परतीचे भाडे मुंबईचे मिळते. वाटेतल्या पंपावर स्वच्छ डिझेल नसेल तर बीएस-४चा ट्रक चालवायचा कसा? नियमकर्त्यांनी यावर शोधलेला तोडगा असा: राष्ट्रीय वा आंतरराज्य परवान्यावर धावणाऱ्या मालवाहनांना त्या तेरा शहरांतही बीएस-४मधून सूट. सर्वाधिक धावणारे, सर्वाधिक धूर सोडणारे वाहन नियमाबाहेर आणि वकिलाची मोटार नियमात!

७/ आता नागपूरची दिनदर्शिका पाहावी. बीएस-१: २०००. बीएस-२: २००५. बीएस-३: २०१०. बीएस-४: २०१७. बीएस-६: २०२०. सात वर्षे एकाच पायरीवर, मग तीन वर्षांत थेट शिखर. अवजड इंजिनाच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा प्रति किलोवॅट-तास ५ ग्रॅमवरून ३.५वर आणि तेथून ०.४वर आली. हा चढ वीस वर्षांत समान टप्प्यांनी चढता आला असता, तर प्रत्येक नव्या गाडीमागे थोडी थोडी किंमत वाढली असती. ती एकदम वाढली. कारण ती आधी वाढू दिली गेली नव्हती.

८/ ‘उत्पादकांना वेळच मिळाला नाही’ हा दुसरा लाडका युक्तिवाद. बीएस-४ची देशव्यापी तारीख २०१५ मध्येच अधिसूचित झाली होती. तरी मार्च २०१७ मध्ये सुमारे ८ लाख २४ हजार बीएस-३ वाहने विक्रीविना पडून होती, त्यांत सुमारे ९६ हजार व्यावसायिक. कंपन्यांचे म्हणणे असे की तारीख उत्पादनाची आहे, विक्रीची नाही. न्या. मदन लोकूर व न्या. दीपक गुप्ता यांच्या पीठाने २९ मार्चला ते फेटाळले. पुढचे दोन दिवस दुचाकींच्या दुकानांपुढे सवलतीसाठी रांगा लागल्या. त्या रांगांची छायाचित्रे अनेकांना आठवतात. अधिसूचनेची तारीख फारशी कोणाला आठवत नाही.

९/ प्रामाणिकपणाबद्दलही थोडे. २०१३ मध्ये जनरल मोटर्सने १ लाख १४ हजार टवेरा परत मागवल्या आणि कर्मचाऱ्यांनी उत्सर्जन चाचणीत गैरप्रकार केल्याचे मान्य केले. २०१५ मध्ये पुण्याच्या एआरएआयच्या तपासणीनंतर फोक्सवॅगनने भारतात सुमारे ३ लाख २३ हजार डिझेल मोटारी परत मागवण्याचे जाहीर केले. निकष पाळणे अशक्य आहे असे सांगणाऱ्या उद्योगाचा हा पूर्वेतिहास आहे.

१०/ जानेवारी २०१६ मध्ये नागपूरचेच खासदार आणि केंद्रीय वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी बीएस-५ वगळून २०२०लाच बीएस-६ आणण्याचा निर्णय जाहीर केला. सौमित्र चौधरी समितीने त्यासाठी २०२४ सुचवले होते. उद्योगाने मुदत अपुरी ठरवली. १ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीतसुद्धा, निकष लागू झाला आणि देशभर १० भाग गंधकाचे डिझेल पोहोचले. मारुतीने डिझेल मोटारी बंद केल्या. उद्योग बुडाला नाही.

११/ किंमत चुकवली ती एक-दोन गाड्यांच्या मालकाने. यूरियाची टाकी रिकामी राहिली की इंजिनाची ताकद उतरते. सेन्सरचा दिवा लागला की पाना-पकड निरुपयोगी ठरते आणि ट्रक अधिकृत कार्यशाळेत जातो, दिवसाचे भाडे बुडते. मिस्त्रींना प्रशिक्षण, निदानाची साधने खुल्या बाजारात, लहान मालकाला स्वस्त कर्ज: यांपैकी एकही गोष्ट न्यायालयाने अडवली नव्हती. निकष २०२०चा आणि नाक्यावरची दुरुस्ती २००५ची, ही विसंगती शासन आणि कंपन्यांची आहे.

१२/ आणि ‘ड्रायव्हरच्या हिताचे’ नाव घेऊन निकष सैल करा म्हणणाऱ्यांनी एक तारीख लक्षात ठेवावी. जून २०१२: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. हा धूर सर्वांत जवळून घेतो तो ट्रकचा चालक, क्लीनर आणि रांगेत उभ्या ट्रकांमध्ये हमाली करणारा माणूस.

१३/ युरोपीय संघाने २०२४ मध्ये युरो-७ मंजूर केले आहे. भारतात पुढील निकषाची चर्चा निघेल तेव्हा ‘आधी शहरांना, ट्रकला सवलत’ ही सूचना पुन्हा येईल आणि ती ट्रकमालकाच्या कळवळ्याने मांडली जाईल. त्या वेळी वाडीच्या संघटनांनी सवलत मागू नये. देशभर एकच तारीख, त्याआधी पंपावर इंधन आणि नाक्यावर दुरुस्तीची साधने, एवढे लेखी मागावे.