पाचोळ्याचे मानकरी

वैशाखाचे ऊन तापू लागले की सह्याद्रीच्या कुशीतील अनेक गावांत ओढ्यांच्या सफाईचा हंगाम सुरू होतो. यंत्रे येतात, पात्र सरळ व रुंद केले जाते, काठावरचे करंज, उंबर, जांभूळ हे 'प्रवाहाला अडथळा' ठरून आडवे होतात, आणि डोहाडोहांत साचलेला पाचोळा टोपल्या भरभरून बाहेर फेकला जातो. शेवटी उघड्याबोडक्या, चकचकीत ओढ्याचे छायाचित्र निघते. यामागील सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. गावाला पाणी हवे असते आणि पहिल्या पावसात तुंबलेली मोरी घरे बुडवते, हेही खरे आहे. तथापि कचरा म्हणून जे बाहेर काढले जाते ते त्या ओढ्याचे वर्षभराचे धान्य असते, ही गोष्ट ना कामाच्या अंदाजपत्रकात दिसते, ना पूर्ततेच्या दाखल्यात.

दाट झाडीखालून वाहणाऱ्या ओढ्यात ऊन फारसे पोचत नाही. त्यामुळे शेवाळ बेताचेच वाढते, आणि पाण्यातील जीवसृष्टीला आपले अन्न पाण्यातच निर्माण करता येत नाही. ते वरून, झाडांवरून पडते. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातील बेअर ब्रूक या रानओढ्याचा जमाखर्च फिशर व लायकेन्स या शास्त्रज्ञांनी १९७३ साली मांडला. ओढ्यात येणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी ९९ टक्क्यांहून अधिक ऊर्जा काठावरील रानातून आलेली आढळली. हा आकडा आंबोली किंवा महाबळेश्वरच्या ओढ्यांना जसाच्या तसा लावणे धाडसाचे होईल. परंतु सावलीतल्या ओढ्याचे पोट काठावरच्या झाडांवर चालते, हे तत्त्व तेथेही बदलत नाही.

मात्र गळालेले पान म्हणजे तयार अन्न नव्हे. पाण्यात पडल्यावर एकदोन दिवसांतच त्यातील विरघळणारे सत्त्व धुऊन जाते, आणि मागे उरतो तो सेल्युलोज व लिग्निनचा चिवट सांगाडा. तो पचवण्याची ताकद कीटकांच्या अळ्यांत किंवा खेकड्यांत बेताचीच असते. ते काम करतात बुरश्या. लोणच्यावर किंवा ओल्या भिंतीवर दिसणाऱ्या बुरशीमुळे या शब्दालाच मराठीत वाईट वास चिकटला आहे. ओढ्यातील बुरश्यांचे कुळ निराळे आणि त्यांची कामगिरीही निराळी.

या कुळाची खरी ओळख जगाला झाली ती इंग्लंडमधील लेस्टर येथे. तेथील महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या सी. टी. इंगोल्ड यांना एका लहानशा ओढ्यात कुजत पडलेल्या आल्डर वृक्षाच्या पानांवर विलक्षण आकाराचे बीजाणू आढळले. काही चार हातांचे, चांदणीसारखे. काही इंग्रजी 'एस' अक्षरासारखे वळलेले, लांबट. १९४२ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, त्यांनी या बुरश्यांवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील एकदोन प्रकार बेल्जियममध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच नोंदले गेले होते; पण हा एक संपूर्ण समाज आहे आणि त्याचे घर म्हणजे पाण्यात बुडालेले पान, हे इंगोल्ड यांनी दाखवले. आज या 'इंगोल्ड बुरश्यां'च्या तीनशेहून अधिक जाती ज्ञात आहेत. इंगोल्ड १०४ वर्षांचे आयुष्य जगून २०१० साली निवर्तले. ज्या विषयाला प्रसिद्धीचा वारा कधी लागला नाही, त्यात त्यांनी बहुतेक सारी हयात घालवली.

चार हातांच्या त्या आकाराचा उपयोग काय, हा प्रश्न सहज पडण्यासारखा आहे. जॉन वेबस्टर यांनी १९५९ साली प्रयोगाने त्याचे उत्तर शोधले. वाहत्या पाण्यात गोल बीजाणू पानावर आदळतो आणि निसटून जातो. चार हातांचा मात्र तिवईसारखा तीन टोकांवर टेकतो आणि चिकटून राहतो. मग काही तासांतच त्याला तंतू फुटतात, ते पानात शिरतात, विकरे सोडून त्याचा सांगाडा मऊ करतात, आणि पुढच्या काही दिवसांत नवे बीजाणू प्रवाहात सोडतात. बुरशी भिनलेले पान हे कोऱ्या पानापेक्षा कितीतरी कसदार असते. बार्लोखर व केंड्रिक यांनी १९७३ साली कॅनडात कोळंबीसारख्या एका लहान जलचरापुढे दोन्ही ठेवून पाहिले, तेव्हा त्याने बुरशीच्या पानाचीच निवड केली. भाकरी कोरडी खावी की कोरड्यासाबरोबर, हा विवेक त्या क्षुद्र प्राण्यालाही आहे. याच जलचरांवर मासे जगतात, आणि माशांवर पक्षी व माणसे.

पश्चिम घाटातील या सृष्टीचा पद्धतशीर शोध १९८० नंतरच्या दशकांत मंगळूर विद्यापीठात के. एम. कावेरीअप्पा व के. आर. श्रीधर यांनी घेतला. गोवा विद्यापीठात डी. जे. भट यांनी घाटातील पालापाचोळ्यावरील बुरश्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांच्या जिवंत संवर्धांचा राष्ट्रीय संग्रह आहे. ज्ञान उपलब्ध नाही असे म्हणण्याची सोय नाही. ते तालुक्याच्या कचेरीपर्यंत उतरलेले नाही, इतकेच. २००२ च्या जैवविविधता कायद्याने जैविक संसाधनांच्या व्याख्येत सूक्ष्मजीवांनाही स्थान दिले आहे. प्राणी व वनस्पती यांच्या जोडीने बुरश्यांचाही उल्लेख व्हावा, असे आवाहन आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या जातिसंरक्षण आयोगाने २०२१ साली केले. परंतु संवर्धन म्हटले की अजूनही वाघ, धनेश आणि कासची फुले एवढेच डोळ्यांपुढे येते.

येथे एक अडचणीचा पुरावाही विचारात घेतला पाहिजे. पोर्तुगालमध्ये काठावरील मूळ झाडी जाऊन निलगिरी आली, अशा ओढ्यांचा अभ्यास बार्लोखर व ग्रासा यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. तेथे बुरश्यांच्या जाती घटल्या होत्या. पानांच्या कुजण्याचा वेग मात्र घटला नव्हता. मग बिघडले कोठे, असे एखादा अधिकारी विचारील, आणि तो प्रश्न अगदीच गैर नाही. पण ज्या कचेरीत दहा कारकुनांचे काम तिघे उरकतात, तेथे एक आजारी पडेपर्यंतच सारे सुरळीत असते. पाणी तापले, सांडपाणी मिसळले, गाळ वाढला, की कोणत्या जाती तग धरतील हे आधी सांगता येत नाही. जर्मनीतील तांब्याच्या जुन्या खाणींजवळच्या विषारी ओढ्यांतही काही मोजक्या जाती टिकलेल्या आढळल्या. त्या टिकल्या याचे कारण निवडीला वाव देण्याइतका मोठा समाज मुळात होता. कोकणात व घाटात ऑस्ट्रेलियन बाभूळ, निलगिरी आणि रबर यांच्या एकसुरी लागवडी ओढ्याच्या काठापर्यंत नेताना हा हिशेब कोणी मांडत नाही.

महाराष्ट्राला हा विवेक शिकण्यासाठी युरोपात जाण्याचेही कारण नाही. १९७० नंतरच्या दशकात माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी घाटातील देवरायांचा अभ्यास केला. त्यांपैकी कित्येक रायांतून ओढ्याचा उगम आहे, आणि अनेक ठिकाणी वाळलेली काटकीही उचलू नये असा दंडक होता. देवाच्या धाकाने पाळलेल्या त्या नियमामुळे काठावरची मिश्र झाडी आणि पाण्यातला पाचोळा, दोन्ही शाबूत राहिले. आज देवाचा धाक ओसरला आहे आणि कंत्राटदाराला धाक कोणाचाच नाही.

तेव्हा मागणी फार मोठी नाही. पूल, मोऱ्या आणि वस्तीलगतचे नाले जरूर साफ करावेत. शहरी नाल्यातील प्लॅस्टिक व मैला यांचा तर येथे प्रश्नच नाही. परंतु रानातून वाहणाऱ्या ओढ्याच्या पात्रात यंत्र उतरवण्यापूर्वी काठावरील झाडांची यादी करावी, मूळची झाडे दोन्ही काठांवर राखावीत, जेथे ती गेली आहेत तेथे एकाच जातीची रोपे न लावता करंज, जांभूळ, उंबर, वाळुंज अशी मिसळ लावावी, आणि डोहांतील पाचोळ्याला हात लावू नये. यासाठी निधी लागत नाही, उलट वाचतो. कदाचित म्हणूनच ही सूचना कोणाच्या पसंतीस उतरत नसावी.

मोजदादीसाठीही मोठ्या प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही. पावसाळ्यात ओढ्याच्या लहान धबधब्याखाली पांढरा फेस जमतो. चार हातांचे बीजाणू त्यातच अडकतात. तो फेस बाटलीत घेऊन बसू द्यावा आणि काही तासांच्या आत, बीजाणूंना तंतू फुटण्यापूर्वी, तळचा एक थेंब काचपट्टीवर ठेवावा. माध्यमिक शाळेच्या कपाटात कुलूपबंद असलेला सूक्ष्मदर्शक त्यासाठी पुरेसा आहे. आठवी-नववीच्या मुलांनी एका ओढ्याचे असे थेंब आषाढापासून कार्तिकापर्यंत दर पंधरवड्याला पाहून आकारांची चित्रे वहीत काढली, तर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत घालण्याजोगी पाने तयार होतील.