चार किलोंचा मोह

पोर्शे या जर्मन कंपनीनं २०१६ साली ‘९११ आर’ नावाची मोटार बाजारात आणली. एकूण गाड्या काढल्या फक्त ९९१. तिच्या ऑप्शन्सच्या यादीत एक वस्तू मोठी गमतीची होती. ती बाहेरून दिसत नाही, शेजाऱ्याला दाखवता येत नाही, तिच्यामुळं गाडीची ताकद एका हॉर्सपॉवरनंही वाढत नाही. ती वस्तू म्हणजे हलकं फ्लायव्हील. जादा पैसे मोजायचे आणि त्याबदल्यात लोखंड कमी घ्यायचं, असा हा उफराटा सौदा!

गाडीचा नाद असलेल्या तरुणांत हे खूळ जगभर आहे आणि आपल्याकडंही आहे. घरातली हॅचबॅक किंवा सेडान जरा ‘चपळ’ करायची म्हणून एअर फिल्टर झाला, सायलेन्सर झाला, की पुढचं नाव फ्लायव्हीलचं निघतं. वडिलांना प्रश्न पडतो, हे काय नवीन?

नवीन काहीच नाही. पायानं चालवायचं शिवणयंत्र आठवा. पायाखालच्या पट्टीला जोडलेलं ते मोठं चाक एकदा गरगरलं की पाय क्षणभर थांबला तरी सुई चालत राहते. विहिरीवरच्या जुन्या ऑइल इंजिनाला दोन्ही बाजूंना अवजड चाकं असायची. हँडल मारून ती फिरवताना दंड भरून येत, पण एकदा इंजिन धरलं की तीच चाकं त्याला फिरतं ठेवत. मोटारीतलं फ्लायव्हील हे त्याच घराण्यातलं. क्रँकशाफ्टच्या टोकाला, क्लचला टेकून बसलेली ती एक जाड तबकडी असते. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात स्फोटाचे धक्के दोनच बसतात. दोन धक्क्यांच्या मधली पोकळी ही तबकडी भरून काढते. म्हणून सिग्नलला उभी असलेली गाडी थरथरत नाही आणि क्लच सोडताना इंजिन लगेच मान टाकत नाही.

मग ती हलकी कशाला करायची? कारण ती जशी सहजी थांबत नाही, तशी सहजी वेगही घेत नाही. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाला आधी तिला गरगरवावं लागतं, उरलेलं बळ चाकांकडं जातं.

इथं थोडं गणित करायला हरकत नाही, कारण सगळी जादू त्यातच आहे. समजा, मूळ फ्लायव्हील ८ किलोचं, २८ सेंटिमीटर व्यासाचं आणि सगळीकडं सारख्याच जाडीचं आहे. त्याजागी तेवढ्याच आकाराचं ४ किलोचं बसवलं. पहिल्या गिअरमध्ये गाडीच्या चाकाचा एक फेरा होईपर्यंत इंजिनाचे १४ फेरे होतात आणि चाकाची त्रिज्या २८ सेंटिमीटर आहे असं धरलं, तर वेग घेताना गाडी जवळजवळ १०० किलोंनी हलकी झाल्यासारखी वाटते. मागच्या सीटवरची दीड माणसं उतरवल्यासारखं! हा आकडा ऐकूनच पोरं हुरळतात. पण दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाचे साडेसात फेरे धरले, तर हाच फायदा ३० किलोंच्या आत येतो. पाचव्यात तो उरतो जेमतेम ५ किलोंचा. म्हणजे हायवेवर ट्रक ओव्हरटेक करताना या चार किलोंचा उपयोग शून्य म्हटला तरी चालेल. ज्याला तिथं जोर हवा आहे त्यानं पैसे दुसरीकडं घालावेत.

आता तोट्याची बाजू. तेच ८ किलोचं फ्लायव्हील मिनिटाला २००० फेऱ्यांनी फिरत असतं तेव्हा त्यात जी ऊर्जा साठलेली असते, तेवढ्यात १७ किलोंची पाण्याची बादली तिसऱ्या मजल्यावर जाईल. ही गाडी निघतानाची शिल्लक. हलकं फ्लायव्हील लावलं की ती निम्मी होते. घाटात चढावर गाडी थांबली आहे, मागं एसटी चिकटली आहे, एसी चालू आहे, अशा वेळी ही शिल्लक फार आठवते. मग चालक इंजिन जास्त रेस करून क्लच घासत गाडी काढतो, आणि फ्लायव्हीलवर वाचलेलं लोखंड क्लचप्लेटच्या खर्चात वसूल होतं.

पोर्शेलाही हे ठाऊक होतं. १९९२ च्या ‘९११ कॅरेरा आरएस’मध्ये मूळ रूपात हलकं, एकसंध फ्लायव्हील होतं. कमी वेगात ही गाडी हटकून बंद पडते अशी तिची ख्याती झाली. त्याच गाडीची जी ‘टूरिंग’ आवृत्ती होती, म्हणजे रोजच्या वापराला जरा सुसह्य, तिच्यात नेहमीचं दुभागलेलं फ्लायव्हील ठेवलं होतं. या दुभागलेल्या प्रकारात दोन तबकड्यांच्या मध्ये स्प्रिंगा असतात आणि त्या इंजिनाचे हिसके गिलून टाकतात. अलीकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत हेच असतं. ते काढून एकसंध बसवलं की न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स डब्यात खडे घातल्यासारखा वाजतो. क्लच दाबला की आवाज बंद. गाडी बिघडलेली नसते, पण घरच्यांना हे रोज कोण समजावणार?

म्हणून निवड करताना पहिला प्रश्न वजनाचा नाही, गाडी कोण चालवतं हा आहे. आठवड्यातून एकदा ट्रॅकवर जाणारी, एकट्याच्या हातातली गाडी असेल तर ॲल्युमिनियमचं फ्लायव्हील खुशाल घ्यावं. त्याला क्लच टेकतो तिथं पोलादी चकती बसवलेली असते, कारण नुसतं ॲल्युमिनियम घर्षणाला टिकत नाही. ही चकती बदलता येणारी हवी. पण गाडी आई बाजाराला नेत असेल, बहीण नुकतीच शिकत असेल, तर मूळ वजनाच्या पाव हिश्श्याएवढी सूट देणारं पोलादी फ्लायव्हील पुरे. वजन कुठून कमी केलंय तेही पाहावं. कडेचं अर्धा किलो मधल्या एका किलोपेक्षा भारी ठरतं.

स्वस्तात काम उरकायची एक वाट मात्र चुकूनही धरू नये. मूळ बिडाचं फ्लायव्हील लेथवर लावून मागून खरवडून देणारे कारागीर सापडतात. क्लच बदलताना पृष्ठभाग सारखा करण्यासाठी केसभर उतरवणं वेगळं आणि किलो-दोन किलो काढणं वेगळं. बीड दाबाला सोसतं, ताणाला नाही. २८ सेंटिमीटरच्या तबकडीची कड ७००० फेऱ्यांना ताशी ३७० किलोमीटरच्या आसपास वेगानं फिरते. तिथं तडा गेला तर तुकडे बेल हाउसिंग फोडून बाहेर येतात, आणि चालकाचे पाय त्याच्या मागंच असतात. अमेरिकेत ड्रॅग रेसिंगच्या गाड्यांना तिथं पोलादी कवच घालतात ते उगीच नाही. तयार फ्लायव्हील घेताना ते घडीव पोलादाचं आहे का, एसएफआय या अमेरिकन संस्थेच्या कसोटीचा शिक्का त्यावर आहे का, हे विचारावं. दुकानदार विषय बदलू लागला तर दुकान बदलावं.

काही इंजिनांत क्रँकचा सेन्सर फ्लायव्हीलवरचेच दाते वाचतो, तेव्हा दाते तंतोतंत जुळायला हवेत. नव्या गाड्यांचा कॉम्प्युटर क्रँकच्या गतीतल्या चढउतारावरून मिसफायर ओळखतो. फ्लायव्हील हलकं झालं की हे चढउतार वाढतात आणि काहीच झालेलं नसताना डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागू शकतो. वॉरंटीतली गाडी असेल तर हा विचार सोडलेलाच बरा. कंपनीनं दिलेल्या तपशिलाबाहेरच्या बदलांना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, तेव्हा विमा कंपनीलाही आधी लेखी विचारून घ्यावं.

मजुरीचं म्हणाल तर गिअरबॉक्स खाली उतरवल्याशिवाय फ्लायव्हीलला हात लागत नाही. त्यामुळं हे काम क्लच बदलायच्या वेळीच काढावं. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील एकदमच नवं टाकावं. बोल्ट नवे घ्यावेत आणि ते टॉर्क रेंचनंच आवळून घ्यावेत, पान्याच्या अंदाजानं नव्हे. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट एकत्र बॅलन्स करून मिळतात. तेवढं झाल्यावरच मेकॅनिकला गिअरबॉक्स वर चढवू द्यावा.