जुलाब बाळाचे, बाटली अँटिबायोटिकची

पावसाळा सुरू झाला की सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जुलाब झालेली बाळे वाढतात. आईच्या पिशवीत बहुधा एक उघडलेली बाटली असतेच, ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोलच्या मिश्रणाची. कोणी दुकानातून मागून आणलेली, कोणाला दवाखान्यात लिहून मिळालेली. ओआरएसची पुडी मात्र क्वचितच सापडते.

लहान मुलांचे पाण्यासारखे जुलाब बहुतांशी विषाणूंमुळे होतात. रोटाव्हायरस हा त्यातला प्रमुख. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही. चार-पाच दिवसांत जुलाब आपोआप उतरतात आणि श्रेय बाटलीला मिळते. आईवडिलांची समजूत पक्की होते ती अशी. समजूत घालण्यापेक्षा बाटली लिहिणे सोपे, हेही खरेच.

भारतासह सात देशांत दोन ते तेवीस महिन्यांच्या आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ही मुले कुपोषित किंवा अंगातले पाणी कमी झालेली, म्हणजे जास्त धोक्यातली होती. रक्त पडणारी आणि कॉलराची शंका असलेली मुले वगळली होती. निम्म्यांना तीन दिवस अझिथ्रोमायसिन दिले, निम्म्यांना तसेच दिसणारे निष्प्रभावी औषध. पुढच्या १८० दिवसांतील मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही.

तोटा मात्र होतो. आतड्यातले उपकारक जिवाणू मरतात आणि कधी जुलाब वाढतात. शिवाय जंतू औषधाला सरावतात. रक्ती आव करणारा शिगेला आज भारतात सिप्रोफ्लॉक्सासिनला फारशी दाद देत नाही. म्हणजे जिथे अँटिबायोटिक खरोखर हवे, तिथेच ते बोथट झाले आहे. शौचात रक्त, कॉलराची शंका किंवा सोबत दुसरा गंभीर जंतुसंसर्ग असेल तर ते जरूर द्यावे. पण तो निर्णय डॉक्टरांचा.

१९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण पाजायला लावले. नातेवाइकांनीच ते पाजले. मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आला.

आजही उपचार तोच, जोडीला झिंक. मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण रिकामी करायची. अर्धी वापरून उरलेली ठेवायची नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा. झिंक सहा महिन्यांपुढे रोज २० मिलिग्रॅम, त्याआधी १०, जुलाब थांबले तरी चौदा दिवस. अंगावरचे दूध, भाताची पेज, खिचडी चालूच ठेवावी. बाळ सुस्त पडले, डोळे खोल गेले, पाणी पिईनासे झाले किंवा पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश बसली, तर थेट रुग्णालय गाठावे. वाटेतही ओआरएस पाजत राहावे.