सहीवरून फुटलेली फळी

‘कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर’ हा २०१६ सालचा चित्रपट घरातील नव्या पिढीने अनेकदा पाहिलेला असतो, वडीलधारी मंडळी मात्र हाणामारीचा खेळ म्हणून उठून जातात. वस्तुतः त्यातील भांडण एका करारावरील सहीचे आहे. महानायकांच्या मोहिमांत निरपराध माणसे मरतात, म्हणून ११७ राष्ट्रे ठरवितात की यापुढे त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या आज्ञेनेच पाऊल उचलावे. टोनी स्टार्क सही करतो. स्टीव्ह रॉजर्स नकार देतो.

नवल असे की, पूर्वायुष्य पाहता उलटेच घडावयास हवे होते. स्टार्क हा गर्भश्रीमंत कारखानदार. आपले चिलखत सरकारच्या स्वाधीन करण्यास त्याने सिनेटच्या समितीसमोर साफ नकार दिलेला. रॉजर्स हा दुसऱ्या महायुद्धातील सैनिक, पलटणीत भरती होण्यासाठी धडपडलेला.

मग मने पालटली कशाने? स्टार्कने जगाच्या रक्षणासाठी निर्माण केलेला अल्ट्रॉन त्याच्यावरच उलटला आणि सोकोव्हियात एक शहर उद्ध्वस्त झाले. तेथे मेलेल्या तरुणाची आई स्टार्कला गाठून मुलाचे छायाचित्र दाखविते. तेव्हापासून त्याला स्वतःच्याच निर्णयाचे भय वाटू लागते. ज्याचा स्वतःवरील भरवसा उडतो तो वरिष्ठाची सही शोधतो. तिने धोका टळतोच असे नाही, पण अपराधाचे ओझे वाटले जाते. स्वातंत्र्याचा भार असह्य झाला की मनुष्य त्यापासून पळ काढतो, हे मनोविश्लेषक एरिक फ्रॉम यांनी १९४१ सालीच मांडले होते.

रॉजर्सला केवळ हट्टी ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. ज्या ‘शील्ड’ संस्थेची त्याने इमानाने चाकरी केली, तीच शत्रूने आतून पोखरलेली निघाली. तपासनीसच फितूर निघाल्यावर तपासणीवर कोणी विसंबावे?

तरीही शेवटची झुंज कराराची नाहीच. स्टार्कच्या आईवडिलांना १९९१ साली रॉजर्सच्या जिवलग मित्राने, परक्यांच्या ताब्यात असताना, ठार केलेले असते. रॉजर्सला ते ठाऊक असते आणि स्वातंत्र्याचा हा कैवारी ते दडवून ठेवतो. इकडे नियमांचा पुरस्कर्ता स्टार्क समितीला न विचारताच सैबेरियात पोहोचलेला असतो. चित्रफीत पाहताच तो त्या मित्रावर तुटून पडतो.