भटक्यांची टोळी आणि फाशांचे दान

टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र वठवायचे, सूत्रधाराने कथा पुढे न्यायची आणि अडल्या प्रसंगी फासे टाकून निकाल लावायचा, असे खेळ १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून रूढ झाले. आज ते आपल्या शहरांतील तरुणांपर्यंत पोचले आहेत. सुखवस्तूंच्या पोरांचे चोचले म्हणून कार्यकर्त्यांनी ते झटकून टाकणे सोपे आहे. परंतु समाजाविषयीच्या कल्पना केवळ शाळेत वा सभेत घडत नाहीत. खेळातही घडतात, आणि तेथे त्यांना कोणी हरकत घेत नाही.

या खेळांतला भटका समाज म्हणजे बहुधा एक सरदार, त्याचे घोडेस्वार, एक मांत्रिक आणि लुटीवर चाललेला संसार. नाहीतर रंगीत गाड्यांतून हिंडणारे, भविष्य सांगणारे हातचलाख लोक. १९८३च्या ‘रेव्हनलॉफ्ट’मध्ये जिप्सी खलनायकाच्या चाकरीत होते, त्याच कथेच्या २०१६च्या आवृत्तीतील त्यांच्या वर्णनात प्रकाशकाला २०२० साली दुरुस्ती जाहीर करावी लागली. ठीकच झाले. पण दुरुस्ती विशेषणांची झाली, आणि दोष अर्थव्यवहाराचा आहे. ही टोळी खाते काय, कोणाला काय देऊन काय घेते, याचा हिशेब नसतो. तलवारीच्या घावाचा मात्र चोख असतो.

वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेतील तरुणाला भटक्यांची समाजरचना पाहायला कल्पित गवताळ प्रदेशात जाण्याचे कारण नाही. मूळचे कच्छचे रबारी, ज्यांना लोक सरसकट काठेवाडी म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या आणि उंट घेऊन विदर्भात हिंडत आहेत. कापूस वेचून झाला की कळप पऱ्हाटीत चरतात. शेतकरी मेंढ्या शेतात बसवून घेतो, जमिनीला लेंडीखत मिळते, मोबदला धान्यात वा रोकडीत ठरतो. हा करार आहे, लूट नव्हे. त्यांच्याच नात्यातल्या राजस्थानी राइकांविषयी अरुण अग्रवाल यांनी ‘ग्रीनर पाश्चर्स’ (१९९९) या ग्रंथात दाखवले आहे की म्होरक्या हा सर्वाधिकारी नसतो. काही निर्णय त्याचे, काही जाणत्यांचे, काही सर्वांचे.

करार दिसेनासा केला की उरतो तो संशयित. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हेच केले. तो ३१ ऑगस्ट १९५२ला गेला, नजर गेली नाही. जानेवारी २०२२मध्ये शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर येथे पाच रबारींना पोलिसांनी अडवले. उंट कत्तलीसाठी हैदराबादला नेत असल्याची तक्रार होती. ५८ उंट गोरक्षण केंद्रात गेले. उंटांवर संसार लादून फिरणाऱ्यांकडे उंट का, हा प्रश्न पडावा, यातच सारे आले.

उलट, भटक्यांना आदिम साम्यवादी ठरवून हळवे होणारे आपल्यातही आहेत. त्यांनी लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) पुन्हा उघडावे. पंचांचा धाक आणि वाळीत टाकण्याची शिक्षा ही काही कोणा गोऱ्या खेळकर्त्याची कल्पना नव्हे. त्यासाठी राज्याला २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला.

तेव्हा भटक्यांचा खेळ खेळायचाच असेल, तर सूत्रधाराने घोडेस्वारांबरोबर कापूसवाला शेतकरी, पंच, ठाणेदार आणि ज्या बाईच्या हाती डेऱ्याचा संसार आहे ती, या भूमिकाही वाटून द्याव्यात. आणि चराईबंदी झालेल्या जंगलाच्या हद्दीवर पावतीपुस्तक घेतलेला वनरक्षक उभा करावा.